स्टेशनाच्या भिंतीतलं काकण

माय,

परवा सगळ्यात आधी कोण आला असंल, सांग बरं? काकाचा धाकला पोरगा. पाव्हणे यायचे अकराला आणि हा नऊलाच दारात. बदनापूरहून सकाळची गाडी धरून आला, अंगात कडक इस्त्रीचं पांढरं, डोळ्याला काळा चष्मा, जसं काही पुण्याचे लोक याच्याच घरी येऊन राह्यले. मी म्हणलं, "काहून रे, तुला कोणी सांगावा धाडला?" तर म्हणतो, "आक्का, घराण्याच्या इतिहासाचं काम हाये. मी न्हाई तर कोण पायजे?" दोन ताटल्या पोहे हाणले, वरून सुनेला म्हणतो लिंबू कमी पडलं. मंग पाव्हणे आले. एक पोरगी, केस कापलेली, खांद्याला झोळी, आणि तिच्यासंगं एक इंजिनेर, ताडमाड. जुन्या जालन्यातली आमची गल्ली म्हणजे रिक्षा अर्ध्यातच अडकती, म्हणून ते चालत आले. त्या ताडानं आत पाय टाकताना चौकटीवर असं डोकं हाणलं की कपाळ फुटून भळाभळा रगत. मी हळद दाबली. पोरगी घाबरली, मला मात्र हसू आवरंना. म्हणलं, "बाबा, तुम्ही जमिनीखाली एवढं मोठं स्टेशन खोदलं, आणि माझ्या घराची चौकट दिसंना का?" तो पण हसला. अशी रगतानंच सुरुवात झाली बघ.

तुला वाचता येत नव्हतं, आणि मला लिहिता येतं तेही दुसरीपुरतं. नातीच्या जुन्या वहीत लिहून राह्यले, उरलेल्या पानांवर. ओळ वाकडी चालली तरी तुला काय फरक पडतो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, त्यात कधी तुला काही कळवलं न्हाई, पण परवाच्या दिवसाचं कोणाला तरी सांगावंच लागंल. ते लोक एक कागद ठेवून गेलेत. समोरच हाये, वर पाण्याचा तांब्या ठेवलाय, फॅननं उडू नये म्हणून. त्यात तू हायेस, माय. तो कागद स्टेशनाच्या भिंतीवर लागायचा हाये, काचेच्या आत, आणि रोज हजारो माणसं जाता-येता वाचतील. त्यात जे लिहिलंय ते खोटं हाये. आणि ते खोटं हाये हे जगात मला एकटीलाच माहीत हाये.

पण आधी स्टेशनाचं सांगते. तू असतीस तर तोंडाला पदर लावून बसली असतीस. पुण्यात आता जमिनीच्या खालून रेल्वे जाती. वर बाजार, माणसं, गाड्या, देऊळ, सगळं जागच्या जागी, आणि खाली पाच-सहा परस, म्हणजे पाच-सहा माणसांच्या उंचीएवढ्या खोलात, दिव्यांचा झगमगाट. माझी नात तिथंच नोकरीला हाये, तिकिटाच्या खिडकीपाशी, निळा कोट घालून. दिवाळीत तिनं मला नेलं. सरकता जिना असतो, आपण उभं राहायचं, जिनाच आपल्याला खाली नेतो. मी पाय टाकायला इतकी भ्याले की मागच्या माणसानं "आजी, चला की" म्हणून ढकललं, आणि मी सुटले खाली, नातीचा हात धरून, लहान पोरीवानी वरडत. लई मजा आली. तीन बार वर-खाली केलं. नात म्हणली, "आजी, आता बास, साहेब बघून राह्यलेत." चौथ्या बाराला खाली उतरले आणि समोर बघितलं तर भिंतीत एक मोठी काच, काचेमागं दिवा लावलेला, आणि आत जुन्या विहिरीचा अर्धा गोल. खोदताना सापडला, तो तसाच ठेवला म्हणे. घडीव दगड एकावर एक. मधल्या एका दगडावर एक गोल कोरलेला. नात म्हणली, "त्यो चंद्र हाये म्हणतात, आजी. कोणी म्हणतं सूर्य हाये. अजून कोणाला पत्ता लागला न्हाई." मी काचेला नाक लावलं. मी म्हणलं, "पोरी, चंद्र कशाचा? हे माझ्या मायीचं काकण हाये." नातीनं ते साहेबाला सांगितलं, म्हणून हे लोक भिंतीवरचा मजकूर लिहायला माझ्याकडं आले.

आपल्या टोळीची रीत तुला सांगायची काय गरज, पण त्या झोळीवाल्या पोरीला मी जशी सांगितली तशी लिहिते. आपली माणसं गावोगाव विहिरी खोदायची. विहिरीच्या कडेला लग्न झालेल्या बाईनं उभं राहायचं न्हाई, अपशकून. तिनं लांब, मुक्कामाच्या पालापाशी राहायचं. म्हणून पहिल्या दिवशी टोळीचा म्होरक्या बायकोच्या हातातलं एक काकण काढून घ्यायचा, बांधकामाच्या एका दगडावर ठेवायचा, आणि छिन्नीनं त्याच्या कडेकडेनं गोल कोरायचा. बाई न्हाई तर तिचं काकण तरी विहिरीवर राहावं. बानं तुझं हिरवं काकण काढलं तेव्हा तू हात मागं ओढल्तास, म्हणलीस, "फोडाल." बा म्हणला, "फोडलं तर दुसरं भरीन." मला ते दिसून राह्यलंय आता. बा उकिडवा बसलाय, काकण अंगठ्याखाली दाबून धरलंय, ठक ठक करून राह्यलाय, तू तोंड फिरवून हसतीस. त्या दुष्काळाच्या साली इकडं कुत्र्याला पाणी न्हाई, आणि तिकडं पुण्याच्या कडेला एका मालकाला मळ्यात विहीर पायजे होती. म्हणून आपण तिथं होतो.

पोरीनं मला त्या जागेची सगळी हकीकत वाचून दाखवली. माय, त्या जागेवर नुसती मारामारीच झालेली हाये. आपल्यानंतर मालकानं विहीर बुजवली. मंग तिथं लाकडाची वखार झाली, ती जळाली, आत एक राखणदार होता. मंग भंगाराचा बाजार भरायला लागला, तिथं लोखंडाच्या कांबीनं एकमेकाची डोकी फोडली लोकांनी, जागेवरून. मंग टेम्पोवाल्यांचा अड्डा, तिथं चाकू चालले. मंग स्टेशन ठरलं तेव्हा टपरीवाले मशिनीपुढं आडवे झाले, लाठ्या खाल्ल्या, एका बाईचा हात मोडला. पोरगी खाली मान घालून वाचून राह्यली होती आणि मी म्हणलं, "अगं, जमीनच तशी हाये ती. पहिला बार आमचाच." ती म्हणली, "तेच विचारायचंय आजी. विहीर अर्धी सोडून का दिली?"

मी तोंड उघडायच्या आत काकाचा धाकला उठला. चष्मा काढला, घसा खाकरला. म्हणतो, "मी सांगतो. आमचे मोठे काका म्हणजे वाघ माणूस. सुरुंग उडवायचे. पण बायको अशी भेटली! रीत मोडून विहिरीच्या कडेला बसली, सुरुंग मोजण्यात घोटाळा केला, आणि नवऱ्याचा जीव घेतला. लिहून घ्या ताई." पोरीनं लिहून घेतलं. तिचा काय दोष, पेन तिच्या हातात आणि तोंड त्याचं.

आता मी काय केलं ते ऐक. माझी काठी खुर्चीला टेकवलेली होती. ती उचलली आणि त्याच्या नडगीवर अशी हाणली की आवाज सैपाकघरात सुनेला ऐकू गेला. तो "अगं ए म्हातारे!" म्हणून एका पायावर नाचला, दुसरी त्याच्या खांद्यावर बसली, तिसऱ्या बाराला त्यानं काठी धरली आणि ओढली, मी संगंच ओढले गेले आणि आम्ही दोघं पोह्यांच्या ताटलीवर. इंजिनेर मधी पडला, त्याच्या कपाळाची हळद माझ्या पदराला. सून वरडली, "आत्याबाई, सोडा त्यांला!" मी म्हणलं, "आधी माझ्या मायीला सोड म्हणावं!" तो पांढऱ्या कपड्यावरचे पोहे झटकत म्हणतो, "याडी झाली ही. माह्या बापानं डोळ्यानं बघितलं होतं. खोटं असंल तर मंग सांग ना, कोण मोजत होतं?" पोरीनं पण मान वर केली. "हो आजी, कोण मोजत होतं?" माय, मला इतकं बरं वाटलं होतं मारून, हात कसे हलके झाल्ते. आणि त्या एका सवालानं काठी परत जड झाली. मी म्हणलं, "चहा घ्या आधी. गार होऊन राह्यला."

तो दिवस मी कोणालाच सांगितलेला न्हाई, म्हणून तुलाच सांगते, जरी तू तिथं होतीस. सकाळी बानं आणि काकानं खडकात सात भोकं पाडली, दारू ठासली, वाती लावल्या. कडेला बसून बार मोजायचे, सगळे उडाले की न्हाई ते कळायला, ते काम आपल्यात बिनलग्नाच्या पोरीचं. मी आठ वर्षांची. दुसऱ्या पोरी खडे मोजायच्या, पण तू मला खड्याच्या जागी फुटाणे दिलेस, सात, पदराच्या गाठीतून सोडून. माझ्या उजव्या मुठीत कोंबलेस आणि म्हणलीस, "एक बार, एक फुटाणा. उजव्या हातातला वट्यात, परकराच्या ओच्यात टाकायचा. हात रिकामा झाला की वरड, झालं म्हणून. मंग सगळे तुझे." दोन दिवस आपण आंबाडीचा पाला खाऊन होतो. ते फुटाणे तू कुठून आणले होतेस मला अजून माहीत न्हाई.

मी दगडांच्या ढिगामागं बसले. पहिला बार झाला तेव्हा जमीन पोटात शिरली असं वाटलं. एक फुटाणा वट्यात. दुसरा, तिसरा, वरून खडीचा पाऊस. चौथा. पाचवा. मंग काहीच न्हाई. नुसता धूर. मुठीत दोन फुटाणे, घामानं ओले झालेले, आणि त्यांचा वास नाकात. मी एक तोंडात टाकला. चावला पण न्हाई आधी, नुसता गालात धरला. आणि सहावा बार झाला, इतका मोठा की मी दचकून चावलाच. हातातला राहिलेला वट्यात टाकला. हात रिकामा. बानं झाडामागून हाक दिली, "झालं का गं?" मी वरडले, "झालं!"

म्होरक्यानं पहिलं उतरायचं, ही पण रीतच. बानं धूर बसू दिला, तंबाखू मळली, काकाला दिली, दोर कंबरेला बांधला आणि उतरला. खालून पहारीचा आवाज आला, दोनदा. तिसऱ्यांदा सातवा बार आला. बाचा फेटा वर आला, माय. बा आला न्हाई. फेटा झाडाच्या फांदीला अडकला आणि पेटला. दोर धरणाऱ्या दोघांच्या तळहातांची सालटी निघाली, एकाच्या डोळ्यात कपची घुसली, तो जन्माचा आंधळा झाला. काका विहिरीच्या कडेला पालथा पडून "दादा, दादा" करून राह्यला होता.

आणि तू पालापासून पळत आलीस. विहिरीकडं न्हाई. माझ्याकडं. माझा उजवा हात उघडलास. वटा झटकून खाली टाकलास, बोटानं मोजलंस, सहा. मंग माझं थोबाड धरून तोंडात बोट घातलंस, गालातून फुटाण्याचं साल काढलंस, आणि तुझ्याच तोंडात टाकून गिळलंस. ते सहा फुटाणे पायानं मातीत दाबलेस. माझ्याकडं बघितलंस. मी तसली नजर परत कधी बघितली न्हाई, ना मरणात, ना बाळंतपणात. मंग उठलीस, पदर खोचलास, आणि कडेला जाऊन त्या सगळ्यांच्या समोर म्हणलीस, "मी मोजत होते. पोरीला मी नुसतं वरडायला सांगितलं."

त्यांनी तुला दोरानं मारलं. ओला दोर होता, विहिरीतलाच. काकानं एका हातानं केस धरले आणि एका हातानं हाणलं. आधी मोजण्याचं मारलं, मंग रीत मोडून कडेला बसल्याचं मारलं. दोन माणसं म्हणली बास, तर त्यांला पण बसले. तुझी काकणं काढायला कोणी थांबलं न्हाई. तुझा हात दगडावर ठेवला आणि वरून दुसऱ्या दगडानं फोडली, हातासंगंच. काचा मांसात. तू वरडली न्हाईस. मला वाटलं, तू पण मेलीस. ज्या दगडावर हात ठेवला त्याच्या खालच्याच थरात ते कोरलेलं काकण होतं. तेवढं एक फुटलं न्हाई.

गावी आलो तर तुझं नावच गेलं. तुला कोणी काही मोजू देईना. खळ्यावर पायली दुसरीच्या हातात. लग्नात भाकरी थापायला बोलवायचे, टोपलीत मोजून टाकायची वेळ आली की म्हणायचे, "तिला नको देऊ गं, ती मोजणारी हाये." बायका हसायच्या. तू पण हसायचीस आणि मला हाक मारायचीस, "ये गं, मोज माझ्या भाकरी." माय, तू दरवेळी मलाच का मोजायला लावायचीस? मी मोजायचे, एक, दोन, तीन. तू शांत उभी राहायचीस. बारा झाल्या म्हणलं की म्हणायचीस, "बराबर हाये. माझी पोर चुकत न्हाई."

एकदाच मी बोलायला गेल्ते. दहा वर्षांची असंन. काका ओट्यावर जेवून राह्यला होता, तुला काहीतरी बोलला आणि वाडगं फेकून मारलं, तुझ्या भुवईला लागलं. मी म्हणलं, "काका, त्या दिवशी मी..." आणि तू जाग्यावरून उडी मारून माझ्या तोंडावर अशी दिलीस की पुढचा दात पडला, ओठ फाटला. तोंड रगतानं भरलं, बोलताच येईना. काका म्हणला, "पोरीला काहून मारती, गधडे?" तू म्हणलीस, "उलट बोलती." मला परसात ओढत नेलंस, चूळ भरायला पाणी दिलंस, आणि कानाशी म्हणलीस, "दुसऱ्यांदा बोललीस तर जीभ कापीन. तुला सासरी जायचंय. मला कुठं जायचं न्हाई." तो दात तू पदराच्या गाठीत बांधला होतास, जिथं फुटाणे बांधायचीस तिथंच.

आणि तू बोललीस ते खरंच झालं. चांगलं घर मिळालं मला, जालन्याचं. नवरा कापडाच्या दुकानात होता, कधी हात उचलला न्हाई. लेकरं झाली, नात झाली, निळा कोट घालणारी. मी खुशीत हाये, माय, मला हसायला लई आवडतं, सगळी गल्ली म्हणती म्हातारी मजेशीर हाये. ही सगळी मजा तुझ्या पाठीच्या सालट्यावर उभी हाये हे मी रोज विसरते. विसरता येतं, हे पण सांगून टाकते.

परवा चहा पिऊन झाल्यावर पोरीनं कागद वाचला. "विहीर खोदताना मुख्य कारागिराच्या पत्नीकडून सुरुंग मोजण्यात चूक झाली, त्यात कारागिराचा मृत्यू झाला. दगडावरची खूण तिच्या काकणाची आहे." वाचून म्हणली, "आजी, हे बरोबर असेल तर खाली सही करा. तुम्ही घरातल्या शेवटच्या साक्षीदार." धाकला पाय चोळत म्हणला, "कर ना आक्का, लाजू नको." मी पेन हातात घेतलं. आपल्या मायीला काचेमागं उभी करून गावच्या बायकांसारखं हजारो लोकांना हसू द्यायचं, की मला आवडणाऱ्या सगळ्यांच्या समोर, नातीच्या समोर, तिच्याच स्टेशनात, बापाला मारणारी म्हणून उभं राहायचं? मी म्हणलं, "चष्मा सापडंना. कागद ठेवून जा." चष्मा माझ्या डोळ्यावर होता. पोरीनं बघितलं. कागद तांब्याखाली तिनंच ठेवला. जाताना इंजिनेरानं चौकट वाकून नमस्कार करून ओलांडली.

आज सकाळी मी स्वतः मस्तगडच्या दुकानापर्यंत चालत गेले आणि फुटाणे आणले. दुकानदार पुडा बांधायला लागला, मी म्हणलं सातच दे. तो म्हणला, "आजी, माकडाला घालता का?" घरी आणून वहीपाशी मांडले. त्या पोरीला करून दाखवायचंय, उजव्या मुठीतून वट्यात कसे टाकायचे, आणि पाचव्यानंतर काय झालं ते. तू जीभ कापीन म्हणलीस, पण मला सासरी जाऊन पन्नास वर्षं होतील आता, आणि दात तर एकही राह्यला न्हाई, मारलंस तरी काय पाडशील. नातीला पण बोलावलंय. तिनं तोंड फिरवलं तर फिरवू दे.

आता तुला सांगायचं राह्यलेलं एवढंच, की त्या दिवशीचा तो फुटाणा गोड होता. लई गोड. बा खाली उतरला, जमीन हादरली, तरी मला गोडच लागत राह्यला. आणि हे लिहिता लिहिता समोर बघते तर सहाच हायेत. एक माझ्या गालात हाये, चावता येत न्हाई म्हणून नुसता धरलाय. उद्या एक परत आणीन. ते लोक शुक्रवारी येतो म्हणलेत, सकाळच्या गाडीनं.